आज किती फूट? हवामानशास्त्रज्ञाचं बोलणं आणि पंचगंगेचं पाणी

जुलै निम्मा सरला की कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर, एसटीत, सगळीकडे एकच चौकशी असते : “आज किती फूट?” उत्तरही तेवढंच आखूड. “बेचाळीस आठ.” म्हणजे कसबा बावड्याजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४२ फूट ८ इंचांवर. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जुनी माणसं अजून शिवाजी पुलाकडे बोट करून “मच्छिंद्री झाली का?” असं विचारतात. पुलाच्या कमानींमधल्या दगडी भागाला पाणी टेकलं की नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोजपट्टी जुनी, पण चोख.

त्याच वेळी टीव्हीवर एखादा हवामानशास्त्रज्ञ सांगत असतो की घाटमाथ्यावर चोवीस तासांत २०० मिलिमीटरची शक्यता आहे, अरबी समुद्र तापलाय, हवा एक अंशानं तापली की तिच्यात ७ टक्के बाष्प जास्त मावतं. यातलं काहीच चुकीचं नसतं. पण पुराचं पाणी शिरतं त्या सुतारवाड्यातल्या बाईला गॅसची टाकी आज माळ्यावर टाकायची की उद्या, हे त्यातून कळत नाही. तिला फूट हवे असतात, शास्त्रज्ञाकडे मिलिमीटर असतात. मिलिमीटरचे फूट कसे होतात, कुठे होत नाहीत आणि त्या हिशेबात शास्त्रज्ञानं कुठवर बोलावं, हे कळलं की पावसाळ्यातल्या निम्म्या बातम्यांचा उलगडा होतो.

पाऊस गगनबावड्यात, पाणी सुतारवाड्यात

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे भराभर उतरत जातो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे त्याच्याही निम्म्याच्या आसपास. गगनबावडा ते कोल्हापूर हे अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती (पाचवी सरस्वती, ती गुप्त) हा घाटातला पाऊस घेऊन खाली येतात, प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेत जाते.

म्हणून इथं दर दोन-तीन वर्षांनी एक गंमत घडते. जिल्ह्याला लाल इशारा असतो आणि रंकाळ्यावर लख्ख ऊन. लोक मोबाइलवर उन्हाचे फोटो टाकून हवामान खात्याची टिंगल करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन तसंच असतं आणि जयंती नाल्यातून पाणी उलटं शहरात शिरायला लागतं. इशारा चुकलेला नसतो, तो घाटाचा असतो. हवामान विभाग हल्ली ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापूर घाट’ असा वेगवेगळा अंदाज देतो तो याचसाठी. बातमीत मात्र ‘घाट’ हा शब्द बहुतेक वेळा गळतो. कोल्हापूरकरांशी बोलणाऱ्या शास्त्रज्ञानं पहिलं वाक्य हेच बोलायला हवं : पाऊस तिकडे पडेल, पाणी इकडे येईल, आणि ते येईल तेव्हा तुमच्या डोक्यावर ढग असेलच असं नाही.

आता हिशेब. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. २८३ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एवढं पाणी होतं. पंचगंगेचं खोरं अडीच हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्या सगळ्यावर १०० मिलिमीटर पडले तर जवळपास ९ टीएमसी. राधानगरी धरण तुडुंब भरलं तरी त्यात मावतं ८.३६ टीएमसी. तुळशी (३.४७), कासारी (२.७७) आणि कुंभी (२.७१) त्यात मिळवा, नवा धामणी प्रकल्प बाजूला ठेवला तर सगळी मिळून सतरा टीएमसीच्या थोडं वर. म्हणजे खोरंभर १०० मिलिमीटरचे दोन दिवस, आणि सगळी धरणं जणू रिकामी होती असं धरलं तरी ती भरून वाहतील. प्रत्यक्षात धरणांच्या वाट्याला खोऱ्याचा एक तुकडाच येतो. त्यांच्या खाली, मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस अडवायला कुठलाच दरवाजा नाही.

मग शंभर मिलिमीटरला किती फूट? याचं एकच उत्तर नाही, आणि शास्त्रज्ञाची खरी परीक्षा इथंच असते. जूनमध्ये जमीन तहानलेली असते, पहिला मोठा पाऊस मुरून जातो आणि बंधाऱ्यावर फारसं काही दिसत नाही. जुलैअखेर तीच जमीन पाणी पिऊन गच्च झालेली असते. तेव्हाचे शंभर मिलिमीटर जवळजवळ आहे तसे नदीत उतरतात. दुसरी गोष्ट पात्राची. नदी काठाच्या आत असते तोवर पाणी भराभर चढतं. एकदा ते पात्राबाहेर पडून उसात, नदीकाठच्या मळीच्या रानात पसरलं की एक-एक फूट चढायला कितीतरी जास्त पाणी लागतं. पंचविसाचे सव्वीस फूट आणि बेचाळिसाचे त्रेचाळीस फूट यांत दिसायला फरक एका फुटाचाच, पाण्याचा फरक मात्र फार मोठा. तिसरी गोष्ट खालची. नृसिंहवाडीला कृष्णाच दुथडी भरून चाललेली असेल तर पंचगंगेला जायला वाट मिळत नाही, पाण्याला फुगवटा येतो. अशा वेळी घाटात पाऊस थांबला तरी बंधाऱ्यावर पाणी इंचाइंचानंच उतरतं. “पाऊस थांबला, आता घरी जायला हरकत नाही” हे गणित नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी या गावांत अनेकदा चुकतं ते त्यामुळेच.

एका वाक्याची चिरफाड

हवामान विभागाच्या पत्रकात असं वाक्य असतं : ‘कोल्हापूरच्या घाट भागात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता.’ वाचताना सरसकट ‘खूप पाऊस’ एवढंच डोक्यात राहतं. पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे.

‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ‘अति मुसळधार’ ११५.६ ते २०४.४. त्याच्या वर ‘अत्यंत मुसळधार’. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात, म्हणून पेपरात ‘आज इतका पाऊस’ असं छापून येतं तो बहुतेक कालचा असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. पुढे पायरीपायरीनं ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि शेवटी तीन चतुर्थांशांहून जास्त केंद्रं असतील तर ‘बहुतांश ठिकाणी’. पुरासाठी हा शब्द मिलिमीटरइतकाच महत्त्वाचा. एका केंद्रावर २५० मिलिमीटर पडले तर मोठी बातमी होते, पण पंचगंगा फुगते ती ‘बहुतांश ठिकाणी’ने. आकड्यापेक्षा पसारा बघायचा.

सगळ्यात घोटाळा ‘शक्यता’ या शब्दात. हवामान विभागाच्या मोजमापात जे साधं ‘शक्य’ असतं ते २५ ते ५० टक्के. ५० ते ७५ टक्क्यांना ‘दाट शक्यता’. त्याच्या वरची पायरी वेगळी. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालातही असाच शब्द येतो, पण तिथं ‘शक्य’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘दाट शक्य’ म्हणजे किमान ९० टक्के. मराठीत दोन्हींना आपण ‘शक्यता’ म्हणून मोकळे होतो. एकच माणूस सकाळी अंदाज समजावतो आणि संध्याकाळी चर्चेत आयपीसीसीचा हवाला देतो, शब्द तोच आणि वजन दुप्पट. यावर उपाय सोपा आहे : शब्दाशेजारी आकडा बोलायचा. “दहापैकी चार वेळा असं होईल” हे कुणालाही कळतं. आणि दहापैकी सहा वेळा पाऊस आला नाही म्हणजे अंदाज चुकला, असंही मग कुणी म्हणणार नाही. निदान म्हणू नये.

इशाऱ्याचे रंगही पावसाच्या आकड्यावर थेट बेतलेले नाहीत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. तेवढाच पाऊस एका जिल्ह्यात नारिंगी ठरेल आणि आधीच नद्या भरलेल्या दुसऱ्या जिल्ह्यात लाल.

यात आणखी एक सरकारी शब्द येऊन मिसळतो, ‘अतिवृष्टी’. महसूल खात्याच्या हिशेबात मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी, आणि मग पंचनामा, भरपाई वगैरे. गगनबावड्यात ऐन पावसाळ्यात ६५ मिलिमीटर ही रोजची हजेरी. शिरोळात तेवढाच पाऊस सोयाबीन कुजवून जातो. एकच रेघ दोन्हीकडे ओढल्यावर ‘जिल्ह्यातल्या इतक्या मंडळांत अतिवृष्टी’ या मथळ्यातून पुराबद्दल काहीच कळत नाही.

आणि ‘ढगफुटी’. एका तासात १०० मिलिमीटर, तेही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या पट्ट्यात, तर ढगफुटी. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तासाला सरासरी २५. महापूर आणायला तेवढा पुरतो, त्याला ढगफुटी म्हणायची गरज नसते. पत्रकारानं फोन करून “ढगफुटीच ना सर?” असं विचारल्यावर तासाचा आकडा हातात नसेल तर “हो” म्हणू नये. एकदा “हो” छापून आलं की पुढच्या प्रत्येक जोरदार सरीची ढगफुटी होते.

अंदाज कुठे लंगडतो

संगणकावरचं हवामानाचं प्रारूप, म्हणजे मॉडेल, जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा सरासरी पाऊस काढतं. बारा किलोमीटरचा चौकोन असेल तर गगनबावडा ते कोल्हापूर या अंतरात चारच चौकोन बसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, आयआयटीएमनं, तयार केलेली आणि मे २०२५ पासून वापरात आलेली भारत फोरकास्ट प्रणाली सहा किलोमीटरवर चालते, म्हणजे आठ चौकोन. बरं झालं, पण घाटाचा कडा एका चौकोनाच्या आतच चढतो आणि उतरतो. त्यामुळे पाऊस कुंभीच्या खोऱ्यात पडेल की शेजारच्या कासारीच्या, हे पाच दिवस आधी सांगता येत नाही. पाच दिवस आधी सांगता येतं ते एवढंच की घाटपट्ट्यात जोर वाढणार. चोवीस तास आधी त्यातलं बरंच स्पष्ट होतं.

म्हणूनच एकच प्रारूप थोड्याथोड्या फरकानं पुन्हा पुन्हा चालवतात. एकवीसपैकी सात वेळा २०० मिलिमीटरच्या वर पाऊस दिसला तर शक्यता तीनात एक. हे एकवीस आकडे शास्त्रज्ञासमोर असतात, टीव्हीवर त्यातला एकच जातो, बहुधा सगळ्यात मोठा.

रडारचंही असंच. पणजीच्या रडारपासून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यानं रडारचा सगळ्यात खालचा झोतही इथवर येईतो समुद्रसपाटीपासून अडीच किलोमीटरच्या आसपास वर गेलेला असतो. घाटातले पावसाळी ढग पुष्कळदा बुटके, त्यांचा जोर खालच्या थरात. झोत वरूनच निघून जातो आणि पडद्यावर पाऊस आहे त्याहून कमी दिसतो.

“हा पूर हवामान बदलामुळे आला का?”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. “असा पूर पुन्हा बघायला मिळणार नाही” म्हणेपर्यंत जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. आणि दोन्ही वेळा हाच प्रश्न विचारला गेला.

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देणारा शास्त्रज्ञ घाई करतोय असं खुशाल समजावं. उत्तर काढायची रीत ठरलेली आहे. आधी घटना नेमकी करायची, उदाहरणार्थ पंचगंगा खोऱ्यावरचा सलग तीन दिवसांचा पाऊस. मग जुन्या नोंदींत असा पाऊस किती वर्षांतून एकदा पडायचा ते काढायचं. मग प्रारूपात दोन जगं चालवायची : एक आजचं, दुसरं माणसानं कोळसा-तेल जाळून तापवलं नसतं तर असतं ते. दोन्हींत तसा पाऊस कितीदा पडतो आणि किती जड पडतो, याची तुलना करायची. शेवटी प्रारूप आणि प्रत्यक्ष नोंदी एकमेकांशी जुळतात का ते तपासायचं, आणि न जुळल्यास तसं सांगून टाकायचं. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन हा शास्त्रज्ञांचा गट हे काम घटनेनंतर काही आठवड्यांत करून जाहीर करतो. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली, त्या पावसाबद्दल त्यांनी सांगितलं की तापमानवाढीमुळे तो सुमारे १० टक्के जास्त जड झाला. प्रदेश छोटा आणि डोंगराळ असल्यानं निष्कर्षात अनिश्चितता मोठी आहे, हेही त्यांनी सोबतच सांगितलं. ते दुसरं वाक्य बातमीत फारसं दिसलं नाही.

रीत कुठे फसते? घाटात पर्जन्यमापकं कमी, जुन्या नोंदी तुटक. घटना एका दिवसाची धरली की एक उत्तर, सात दिवसांची धरली की दुसरं. मोसमी पावसात मुळातच वर्षावर्षाला मोठे चढउतार. शिवाय हवेतली धूळ आणि धूर पावसाला काही काळ उलट्या दिशेनं ओढतात. म्हणून समुद्र तापला आणि पाऊस वाढला इतका तो सरळ दोरा नाही.

आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१७ चं संशोधन पुष्कळदा उद्धृत होतं : मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या, दिवसाला १५० मिलिमीटरच्या पुढच्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतला चढउतार वाढल्यानं बाष्पाचा पुरवठा असा झटक्याझटक्यानं होतो. कोल हे माध्यमांशी नेमानं बोलणारे शास्त्रज्ञ, त्यामुळे हा निष्कर्ष लोकांपर्यंत पोचला. पण त्यातला ‘मध्य भारत’ म्हणजे गुजरातपासून ओडिशापर्यंतचा पट्टा. पंचगंगेच्या खोऱ्यात तिप्पट वाढ झाली असं त्यातून निघत नाही. कोल्हापुरातल्या सभेत कुणी तसं बोललं तर ते शास्त्राच्या नावावर खपवलेलं भाषण.

मग कोल्हापूरसाठी काय सांगता येतं? ७ टक्क्यांचा नियम घेऊ. एका अंशाच्या वाढीनं ३०० मिलिमीटरचा पाऊस ३२१ झाला असं धरलं, तर हे वरचे २१ मिलिमीटर किरकोळ वाटतात. अडीच हजार चौरस किलोमीटरवर पसरले की ते होतात सुमारे १.८ टीएमसी, राधानगरीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. नदी आधीच ४५ फुटांवर असताना एवढं जास्तीचं पाणी येतं. शास्त्रज्ञानं टक्क्यांऐवजी हे सांगावं, आणि त्याच दमात हेही सांगावं की हा पावसाचा हिशेब झाला, पातळीचा नाही. पातळी वाढायला महामार्गाचा भराव, पूररेषेत भर टाकून उठलेल्या इमारती, नाल्यांची अरुंद झालेली तोंडं हीदेखील कारणं असू शकतात, आणि ती मोजायला हवामानशास्त्र लागत नाही.

दरवाजे आणि अलमट्टी

दर पुरात पाणी सोडण्यावरून वाद होतो. “अंदाज होता तर धरण आधीच का रिकामं केलं नाही?” हा प्रश्न रास्त आहे, पण तो विचारण्याआधी दरवाजे बघावेत. राजर्षी शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते पाण्याच्याच जोरानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कुणी बटण दाबत नाही. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट), सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. म्हणजे धरण भरण्याआधी हे दरवाजे उपयोगाचे नाहीत. आधी पाणी सोडायचं तर ते वीजगृहाच्या वाटेनं, साधारण १,५०० क्युसेक. सेवाद्वार, म्हणजे गरजेनुसार उघडायचा वेगळा दरवाजा, त्याची भर वेगळी.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे : दिवसभर ११,५७४ क्युसेकनं पाणी सोडलं की १ टीएमसी होतं. १,५०० क्युसेकनं तेवढं पाणी जायला पावणेआठ दिवस लागतात. पाच दिवस आधीचा अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला तरी वीजगृहाच्या वाटेनं पाऊण टीएमसीसुद्धा जागा होत नाही. शिवाय अंदाज चुकून धरण रिकामं राहिलं तर मार्च-एप्रिलमध्ये उसाला पाणी कमी पडल्यावर जबाब कुणी द्यायचा? शास्त्रज्ञ शक्यता देऊ शकतो. कोणत्या शक्यतेला किती पाणी सोडायचं, हा नियम पाटबंधारे खात्यानं आणि सरकारनं पावसाळ्याआधी, शांतपणे, कागदावर ठरवायचा असतो. भर पुरात तो फोनवर ठरतो तेव्हा घोळ होतो.

अलमट्टीचं तेच. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या या धरणाची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर. त्याच्या फुगवट्यानं इकडे पूर चढतो, असा आरोप होतो. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला पुराचं मुख्य कारण मानलं नाही, तरी कोल्हापूर-सांगलीत तो वाद मिटलेला नाही. हा प्रश्न नदीच्या उताराचा, पात्राच्या काटछेदांचा, दर तासाच्या विसर्गाचा. तो जलशास्त्राच्या अभियंत्याला विचारावा. हवामानशास्त्रज्ञानं इथं “हा माझा विषय नाही” म्हणणं हा पळपुटेपणा नव्हे. खेदाची गोष्ट ही की असं म्हणणाऱ्याला चर्चेला पुन्हा बोलावत नाहीत.

निळी रेषा, लाल रेषा

धोरणाच्या बाबतीत शास्त्रज्ञाचा शब्द सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो पूररेषेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी घालून परवानगी.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोगच घात करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आत्ता येऊन गेला, आता नातवाच्या काळात बघू. त्याचा अर्थ आहे दर वर्षी शंभरात एक, आणि गेल्या वर्षी आला होता याचा यंदाशी संबंध नाही. तीस वर्षं कर्ज फेडत त्या घरात राहिलात तर त्या काळात एकदा तरी असा पूर बघायची शक्यता २६ टक्के, चारात एक. निळ्या रेषेवरच्या घराला तीच शक्यता ७० टक्क्यांच्या पुढे. फ्लॅटच्या जाहिरातीत ‘लाल रेषेच्या बाहेर’ असं लिहिलेलं असलं की नकाशा कुठल्या सालचा आणि कुठल्या सालापर्यंतच्या नोंदींवर बेतलेला, एवढं विचारावं.

कारण रेषा जुन्या नोंदींवर काढतात. समजा २०१९ चा पूर शंभर वर्षांतून एकदाचा धरला, तर कुठल्याही तीन वर्षांत तसे दोन पूर यायची शक्यता दहा हजारांत तीन. तरीही ते आले. मग एक तर नशीब फारच खोटं, किंवा रेषा आखताना धरलेला हिशेब आता जुना झालाय. हे सांगणं शास्त्रज्ञाचं कामच आहे, आणि ते त्यानं पूर ओसरल्यावर, नोव्हेंबरात, आराखडे बनत असताना सांगितलं तर त्याला किंमत. पुढचा भाग वेगळा. आंबेवाडी-चिखली हलवायची का, हलवली तर जमीन कुठे, पैसे कुणाचे, शेत इथं आणि घर तिथं हे कसं जमायचं, याची उत्तरं पावसाच्या नोंदीत नाहीत. नागरिक म्हणून शास्त्रज्ञाचं मत असू शकतं, त्यानं ते मांडावंही. फक्त तेव्हा “हे माझं मत आहे, मोजमाप नाही” असं म्हणून टोपी बदलावी. जागतिक बँकेच्या साहाय्यानं कोल्हापूर-सांगलीसाठी पूरनियंत्रणाची कामं ठरताहेत. पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवायची कल्पनाही त्यात आहे. तिथंही आधी विचारायचं ते एवढंच : किती क्युसेक, किती दिवस? वरचा ११,५७४ चा आकडा वापरून उरलेलं गणित कुणीही करू शकतो.

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘हवामान अभ्यासकांना’ही हीच फूटपट्टी लावावी. अंदाजात भाग, तारीख आणि मिलिमीटर आहेत का? की ‘राज्यात सर्वदूर जोरदार’ एवढंच, जे जुलैत कुठं ना कुठं खरं ठरतंच? मागचे चुकलेले अंदाज त्यांनी स्वतः कबूल केलेत का? पाणी वाढत असताना मात्र कुणाच्याच अंदाजावर विसंबू नये. बंधाऱ्याची पातळी बघावी, आणि शंका आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावावा.

शास्त्रज्ञाला लागणारी एक गोष्ट मात्र कोल्हापूरकरांच्याच घरात आहे. मिलिमीटरवरून फूट काढणारं प्रारूप खरं चालतंय का, हे तपासायला पाणी नेमकं कुठवर आलं होतं याच्या खुणा लागतात. राजाराम बंधाऱ्याचा आकडा एका जागेचा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, दुधाळीत, कुरुंदवाडात पाणी किती चढलं ते भिंतीच सांगतात. पुष्कळ घरांत २०१९ ची रेघ आहे, पण नुसती रेघ उपयोगाची नाही. चुना-रंगाची रेघ पुढच्या रंगकामात जाते, म्हणून छिन्नीनं खाच पाडावी. ओलीची रेघ खुणेला धरू नये, भिंत पाणी वर ओढते आणि ओल पातळीच्या फूटभर वर चढते. गाळाची रेघ धरावी. शेजारी तारीख, पाणी सगळ्यात वर होतं ती वेळ, आणि उंबऱ्यापासून खुणेपर्यंतची उंची फूट-इंचांत लिहावी. नंतर जोतं वाढवून घेतलं असेल, फरशी बदलली असेल, तर तेही लिहावं, नाहीतर त्या घरातला ५६ फुटांचा पूर कागदावर ५४ चा होतो.